मिरची आणि पांढरा दिवा

उन्हाळ्यात खिडकी अडवून कूलर बसला की आमच्या स्वयंपाकघरात भरदुपारीही दिवा लागतो. दिवसभर जळणारा दिवा कमी विजेचा हवा, म्हणून मी जरीपटक्याच्या बाजारातून एलईडी आणले. निवड सोपी वाटली: वॉट सगळ्यात कमी, उजेड सगळ्यात पांढरा. स्टुलावर चढून स्वतः लावले आणि घरभर मिरवलो. शहाणपणा नुसता उतू जात होता.

त्याच आठवड्यात भिवापूरची मिरची आली. आई तिकडचीच. वर्षाची मिरची निवडणं हे तिचं राज्य. देठ खुडता खुडता कोणती ठेवायची, कोणती टाकायची, हे ती रंगावरून ठरवते. यंदा मात्र तिला सगळ्याच काळपट दिसू लागल्या. दोन दिवस ती एकेक मिरची डोळ्यांजवळ नेऊन पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने सूप माझ्या बायकोपुढे सरकवलं.

"आता तूच निवड वं. माहे डोळे गेले."

मी घाबरलो. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी तपासलं आणि वयाच्या मानाने डोळे ठणठणीत आहेत म्हणाले. आईचा विश्वास बसेना. "माहं मन राखाले बोलून राहिला तो." घरी येऊन ती बायकोला मसाल्याची मापं पाठ करवू लागली. एरवी विचारलं तरी न सांगणारी बाई!

मग एका सकाळी ऊन द्यायला मी ते सूप अंगणात नेलं. मिरच्या लालभडक! आत आणल्या तर पुन्हा काळपट, मलासुद्धा. चूक माझ्या दिव्याची होती आणि शिक्षा आई भोगत होती.

दुकानदार हसला. "वॉट वही रखो साहब, लेकिन कलर सही दिखानेवाला लो." त्याने दिलेला दिवा किंचित पिवळसर होता, महागही होता.

तो लावला. आईने एक मिरची उचलली, उलटीपालटी केली, दुसरी उचलली.

"म्हणजे माहे डोळे बरे हायेत?"

"एकदम."

हात मिरचीचे, म्हणून तिने डोळे मनगटाने पुसले.

"तुले दिव्याची शंका नाही आली?" मी विचारलं.

"पयले आली होती ना. पण तू किती हौसेनं लावले होते गा. मंग मी डोळ्यालेच नावं ठेवली."