चाकाची टोपी

काजूच्या पिकल्या बोंडूंचा वास आला की मला फोंड्याचा घाट आठवतो. काजू वेचताना मला फुरसं चावलं आणि डॉक्टर म्हणाले, "लगेच कोल्हापूरला हलवा." काकांची जुनी पांढरी डिकीवाली गाडी दिसायला अगदी साधी, चाकांवर बिननक्षीच्या पत्र्याच्या टोप्या, आत मात्र त्यांनी हौसेने दांडगं इंजिन बसवलेलं. मागच्या सीटवर आईच्या मांडीवर मी पडले होते, हिरड्यांतून रक्त येत होतं. पायथ्याच्या देवाला नारळ दिल्याशिवाय काका कधी घाट चढत नसत. त्या दिवशी ते थांबलेच नाहीत. "भावजीनू, नारळ रवलो!" आई घाबरली. "येताना देतंय." गाडी गुरगुरत ट्रकमागून ट्रक मागे टाकू लागली. एका वळणावर पुढच्या चाकाची टोपी निखळली आणि खणखणत दरीत गेली. आईने डोळे गच्च मिटले. काका ओरडले, "घे रे म्हाराजा, तुझो मान! आमच्या चेडवाक सोड!" मी वाचले. येताना काकांनी नारळही दिला. आता ती गाडी माझ्याकडे आहे. काल गॅरेजवाला तश्शीच टोपी शोधून घेऊन आला. "ताई, गावली एकदाची. बसवू?" मी म्हटलं, "नको. ती देवाक दिलेली आसा."