न बघता वाजवणारे साडू

ठाण्यापासून कल्याणपर्यंत भाव न करता वस्तू विकत घेणाऱ्या माणसांची पंगत बसवली, तर पहिल्या पाटावर आमचे थोरले साडू बसतील. आणि साठी उलटल्यावर डीजे व्हायचं ठरवलेल्यांची पंगत बसवली, तर तिथे ते एकटेच जेवतील. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, आणि त्याच संबंधाने मला आजही ठसका लागतो. मी डोंबिवलीत रिकाम्या पिंपांचा धंदा करतो. एमआयडीसीतल्या कारखान्यांतून पिंपं उचलायची, धुवायची, विकायची. सायकलवर एकेक पिंप बांधून सुरुवात केली, आज दोन टेम्पो आहेत, आणि हे सगळं उभं राहिलं ते माझ्या जिभेवर. समोरचा भाव सांगतो तेव्हा मी आधी हसतो, मग उठतो, मग चप्पल घालतो. चप्पल घालेपर्यंत भाव खाली आला नाही असं क्वचितच झालं असेल. घरातल्या प्रत्येक लग्नाची भांडी, मंडप, फुलं मीच भाव पाडून आणलेली. आणि या माणसाने कल्याणला जाऊन, मला न विचारता, मला न नेता, दुकानदाराने सांगितलेल्या पहिल्या भावाला जुना लॅपटॉप घेतला. वर त्याला "आभारी आहे" म्हणून आला. दुकानदार त्या दिवशी दुकान लवकर बंद करून देवळात गेला असेल.

साडूंचा नौपाड्यात टायपिंगचा क्लास होता. जिन्याखालून जाताना वर पत्र्यावर गारा पडताहेत असं वाटायचं. वीस मशीन एका तालात चालली पाहिजेत, हा त्यांचा हट्ट. मुलांच्या बोटांवर लाकडी खोकं ठेवायचे, म्हणजे अक्षरं दिसू नयेत. स्वतः खिडकीबाहेर तोंड करून उभे राहायचे आणि मागे न वळता म्हणायचे, "तिसऱ्या रांगेतल्या बाई, तुमची डावी करंगळी आळशी आहे." ती बाई घाबरून करंगळीकडे बघायची की पुढचं वाक्य, "आणि आता तुम्ही खाली बघितलंत." पुढे मशीन गेली, क्लास बंद झाला, आणि त्यांच्या दहा बोटांना काही काम उरलं नाही. जेवताना ताटाच्या कडेवर ती बोटं चालत. मेहुणी म्हणायची, "आमटीला पत्र लिहिताय का?"

मग एका नातेवाइकाच्या हळदीत त्यांनी डीजे बघितला. आमच्या आगरी लोकांत लग्न एक वेळ साधं होईल, हळद साधी होणार नाही. गाव लोटतो, स्पीकरची भिंत उभी राहते, नाचून चपला हरवतात. आम्ही सगळे नाचत होतो आणि साडू त्या डीजेच्या मागे हाताची घडी घालून उभे. घरी जाताना म्हणाले, "मुलगा हुशार आहे, पण एका बोटाने काम करतो." त्या दिवसापासून एकच ध्यास, आपण एका हळदीला वाजवायचं. फक्त एका.

लॅपटॉप आला, त्यात फुकटातलं सॉफ्टवेअर उतरवलं. पडद्यावर दोन तबकड्या फिरतात. एकीवर चालू गाणं, दुसरीवर पुढचं, आणि पहिलं संपायच्या आत दुसरं असं मिसळायचं की नाचणाऱ्याचा पाय अडखळू नये. बाकीची दुनिया हे माऊसने करते, नाहीतर चकत्यांचं वेगळं यंत्र विकत घेते. साडूंनी कीबोर्डवरच डावी तबकडी डाव्या हाताच्या बोटांना आणि उजवी उजव्या हाताच्या बोटांना नेमून दिली आणि पूर्वीसारखे ताठ बसून, भिंतीकडे बघत सराव सुरू केला. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असतं. ते दाबलं की दोन्ही गाण्यांचा वेग आपोआप सारखा होतो. मी म्हटलं, "साडूभाऊ, दाबा आणि मोकळे व्हा." म्हणाले, "धाकटे, ते म्हणजे खाली बघून टायपिंग." आणि पडद्यावर जिथे वेगाचा आकडा दिसतो तिथे त्यांनी चिकटपट्टी लावली. (ते मला धाकटे म्हणतात. सासुरवाडीत मी धाकटा जावई. भांडून आणलेल्या भांड्यांत सगळे जेवतात आणि चौरंग मात्र थोरल्यांना, ही तक्रार वेगळी आहे, तिच्याकडे मी पुन्हा कधीतरी येईन.)

पहिला कार्यक्रम त्यांच्या सोसायटीच्या सत्यनारायणाला झाला. पुढचं गाणं आधी आपल्यापुरतं हेडफोनवर ऐकून घ्यायचं असतं, हे त्यांना माहीत होतं. त्यासाठी लॅपटॉपला आवाजाची दुसरी वाट लागते, हे माहीत नव्हतं. त्यांनी दोन फाट्यांची वायर आणली, एक फाटा स्पीकरला, दुसरा हेडफोनला. परिणाम असा की जे त्यांच्या कानात ते सगळ्या सोसायटीच्या कानात. गुरुजी कथेत साधुवाण्याची बोट बुडवत होते, मागे मंद सनई चालू होती, आणि साडूंनी स्वतःपुरतं एक कोळीगीत तपासायला घेतलं. बोट बुडायच्या ऐवजी नाचायला लागली. चेअरमनच्या हातातला शिऱ्याचा द्रोण चेअरमनच्या धोतरावर. साडू हेडफोनमध्ये डोळे मिटून मान डोलावत बसलेले, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे ते एकटेच ऐकत होते. मेहुणीने येऊन हेडफोन काढला तेव्हा शांतपणे म्हणाले, "गाणं चांगलं आहे. पुढे घेऊ." दुसऱ्या दिवशी कल्याणला त्याच दुकानात जाऊन आवाजाच्या दोन वाटा करणारी छोटी डबी घेऊन आले. पुन्हा मला न नेता. पुन्हा आभार मानून.

सोसायटीने नंतर त्यांना बोलावलं नाही, नातेवाइकांनीही नाही. साडू मात्र सराव करत राहिले. त्यांच्या घराखाली गॅरेज आहे. तिथे पत्र्यावर हातोडी सुरू झाली की हे खिडकीत लॅपटॉप घेऊन बसत आणि त्या हातोडीच्या तालाला ढोलकी जुळवत. मेकॅनिक दमला, हात सैल पडला, की यांची ढोलकीही दमायची. मेहुणी आमच्या घरी येऊन बसायची. "मी टायपिंगवाल्याशी लग्न केलेलं गं," ती माझ्या बायकोला सांगायची, "हा धाडधाडवाला कुठून आला?"

माझ्या मुलीची हळद ठरली तेव्हा साडू आपणहून घरी आले. चहा प्यायले, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "धाकटे, मी वाजवू?" मी नाही म्हटलं. व्याही कल्याणचे, मोठी माणसं, तीनशे पाहुणे येणार, तिथे हे चिकटपट्टीवालं प्रकरण नको. ते "बरं" म्हणाले आणि आणखी अर्धा कप चहा घेतला. मी एक नावाजलेला डीजे ठरवला आणि त्याला असा पाडला की माझी मलाच दृष्ट लागावी. हळदीच्या दुपारी त्याचा फोन. "काका, दुसरीकडून मोठी ऑर्डर आलीय. तुमच्या भावात माझे लाइटपण येत नाहीत." मी त्याला काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. शब्द देऊन फिरणारा माणूस तो, आणि आजही चूक त्याचीच आहे. पण मंडप सजला होता, बायका हळद कुटत होत्या, आणि वाजवायला कोणी नव्हतं. बायको म्हणाली, "भावोजींना फोन लावते." मी म्हटलं, "लाव."

ते रिक्षातून उतरले. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बटणं मनगटापर्यंत लावलेली. मी मनात तयारी करून होतो, हा आता भाव खाणार, मी असतो तर खाल्ला असता. ते म्हणाले, "एकच अट. मध्ये मी थांबवीन. तेव्हा कोणी ओरडायचं नाही. तुम्ही तर नाहीच." मंडपवाल्याचे स्पीकर जोडले. पोरं समोर येऊन उभी. "आजोबा, आरती लावताय काय?" एकाने विचारलं. साडू म्हणाले, "पाठ ताठ ठेव, नाचताना कंबर दुखेल." आणि सुरू केलं.

आता मी कितीही रागीट असलो तरी खोटं बोलणार नाही. पहिलं गाणं दुसऱ्यात गेलं आणि कुठून गेलं ते कळलं नाही. दुसऱ्यातून तिसरं निघालं. मंडप हलायला लागला. तेच मघाचे टिंगलखोर उड्या मारत होते, व्याही कोट काढून उतरले, आणि साडू समोरच्या खांबाकडे बघत, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता, दहा बोटं चालवत होते.

आणि मुलीला हळद लावायला आणलं तशी त्यांनी आवाज बंद केला.

तीनशे माणसं जागच्या जागी. माझ्या डोक्याची शीर उडाली. मी नवऱ्या मुलाच्या काकांना ढकलून पुढे निघालो. साडूंनी माझ्याकडे न बघता एक बोट वर केलं आणि मुलीला सांगितलं, "बाळ, माइक आत्याआजीला दे."

माझी आत्या आमच्या गावची धवलारीण. हळद लावताना धवले, म्हणजे लग्नाची जुनी गाणी, म्हणायचा मान तिचा. पण डीजे आले तशी ती हळदीला कोपऱ्यात पाठ करून बसायला लागली. कोणी डीजे तिच्यासाठी थांबला नाही. आत्याने माइक ढकलला. "मना नको. त्या डब्याम्होरं माजा गला कोनाला ऐकू येतंय?"

"डबा बंद आहे, आत्या," साडू म्हणाले. "तुम्ही म्हणा. मी मागून येतो."

"मागशी येशील? तुना जमंल?"

"चुकलो तर मारा."

आत्या हसली. मग तिने डोळे मिटून पहिली ओळ उचलली, "पयली हलद गो, बायचे गाली..." आवाज चिरका, मध्येच श्वास तुटणारा, कुठल्याही यंत्राच्या हिशेबात न बसणारा. दोन ओळी साडू नुसते ऐकत राहिले. तिसऱ्या ओळीला कुठूनतरी लांबून एक ढोलकी आली, आत्याच्या चालीने चालणारी. ती श्वासाला थांबली की ढोलकी रेंगाळायची, ती पुढे झाली की पुढे. आत्याने एक डोळा उघडला. मुद्दाम वेग वाढवला. ढोलकी सोबत. अचानक सावकाश झाली. ढोलकी सोबत. "आरं, यो तं सोरीत नाय!" ती माइकमध्येच ओरडली आणि मंडप फुटला. कोपऱ्यातल्या सगळ्या म्हाताऱ्या उठल्या, धवला धरला, पोरांनी त्यांना मध्ये घेऊन रिंगण केलं, आणि माझी मुलगी पिवळ्या चेहऱ्याने हसत होती आणि रडत होती. व्याह्यांनी मला विचारलं, "डीजे कुठला आणला?" मी छाती काढून म्हटलं, "घरचा. आमच्या सासुरवाडीचे थोरले जावई." थोरले हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा खुशीने उच्चारला.

त्यानंतर त्यांना फोन येऊ लागले, दिवा, कल्याण, भिवंडी, कुठून कुठून. भाव मी ठरवतो असं सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. ते भाव सांगतच नाहीत. फोनवर एवढंच विचारतात, "घरात धवला म्हणणारं कोणी आहे का?" पलीकडून बहुतेक वेळा उत्तर येतं, "होती." साडू फोन ठेवत नाहीत. "मग तिची एखादी ओळ कुणाला येते का, घरात विचारून बघा," ते म्हणतात. "मी थांबतो." पलीकडे कोणीतरी कोणाला तरी हाक मारत आतल्या खोलीत जातं. साडू फोन कानाला धरून बसून राहतात. शेजारी असलो तर मीही गप्प बसतो. एवढा वेळ गप्प बसण्याची मला सवय नाही, पण बसतो.