आधी निकाल लागू दे

गुलाल लावायला कुणाचा हात पुढं आला, की तो हात हवेतच धरायचा. मनगटापाशी, घट्ट, पण दुखणार नाही असा. आणि म्हणायचा, "आदी निकाल लागू दे की."

लग्नाची वरात असो, गणपतीची मिरवणूक असो, वाक्य तेच. निवडणुकीचा निकाल लागून गल्लीभर फटाके वाजत असले तरी हा तेच म्हणणार. नवख्या माणसाला वाटायचं, वरातीत कसला आलाय निकाल? पेठेतले लोक हसायचे आणि हात मागं घ्यायचे. गोलकीपरच तो. समोरून आलेली वस्तू हवेत धरणं त्याच्या अंगातच होतं. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, ज्याची सवय सगळ्यांना पाठ असते आणि कारण कुणी काढत नाही. आम्हाला कारण माहीत होतं. निदान तसं आम्ही समजत होतो.

पेठेत त्याला सगळे 'मलेशिया' म्हणायचे. "ए मलेशिया, दोन चहा सांग जा." तो जाऊन सांगून यायचा. या नावाचा राग आलेला मी तरी कधी पाहिला नाही. माझ्यापेक्षा तो दोन वर्षांनी मोठा आणि आमच्यापासून तिसऱ्या घरात राहणारा, पण गल्लीत आम्ही अरे-तुरेतलेच.

बाहेरच्या लोकांना कोल्हापूर म्हणजे कुस्ती वाटते. इथं राहणाऱ्याला विचारा. इथल्या तालमींना फुटबॉलचं वेड कुस्तीहून कमी नाही. प्रत्येक पेठेची तालीम, तालमीचा संघ आणि त्या संघापायी सोयरीक मोडणारी माणसं. दुसऱ्या पेठेकडून खेळायला गेलेल्या पोराच्या आईला नळावर पाणी भरताना चार शब्द ऐकून घ्यावे लागतात. अशा गावात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बातमी आली, की आमच्या पेठेचा पंधरा वर्षांचा गोली भारताच्या पोरसवदा संघाच्या शिबिराला बंगळूरला बोलावलाय. आशियातल्या देशांची सोळा वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा होती, मलेशियात. म्हणजे अंगावर भारताची जर्सी, आणि आत आमच्या पेठेचं पोर.

पेठ वेडी झाली. माझे वडील पेंटर. त्यांच्याकडं तालमीच्या अध्यक्षांनी भलामोठा बोर्ड टाकला: 'भारतीय संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. अक्षर वडलांचं मोत्यासारखं, पण फुटबॉल त्यांना कधी जमला नाही. बोर्डावरचा फुटबॉल लाल भोपळ्यासारखा दिसत होता. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळ्यांच्या डोळ्यांत गुलाल गेला होता. हलगी कडाडत होती, उघड्या जीपवर त्याला उभं केलं होतं, आणि शेजारी अध्यक्ष हात जोडून दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांकडं बघत होते. महापालिकेची निवडणूक तोंडावर आली होती आणि अध्यक्ष उभे राहणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या मिरवणुकीचा एक फोटो अजून आमच्या घरात आहे. सगळी पेठ दात काढून हसतेय आणि ज्याची मिरवणूक तो तेवढा हसत नाही. पोर लाजतंय, असं तेव्हा म्हटलं गेलं.

तो बंगळूरला गेला. पुढं स्पर्धा सुरू झाली आणि तालमीच्या कट्ट्यावर रोज सकाळी पेपरावर माणसं तुटून पडायला लागली. पेपरात येऊन येऊन दोन ओळी यायच्या. भारत हरला, एवढंच. नावं नसायची. एकदा चार गोलांनी हरलो, तर कट्ट्यावर आमचे लोक त्याच्या बाजूनं भांडले. पाऊस असेल, बॉल निसटला असेल, पुढचे बॅक काय झोपले होते काय! ज्या सामन्यात तो नव्हताच, त्यातले गोल कसे गेले हे आमच्या पेठेनं एकमेकांना हातवारे करून समजावलं.

कारण तो त्या वेळी मुरगूडला आत्याकडं होता. शिबिरातून अंतिम संघ निवडला, तेव्हा गोली तिघं होते आणि घ्यायचे दोघे. हा तिसरा. बंगळूरहून परत येताना तो मिरजेलाच उतरला आणि एस.टी. बदलत आत्याच्या दारात जाऊन पडला. जीपवरून गेलेल्या पोरानं पेठेत चालत कसं यायचं? आमच्या गल्लीतला एकजण गुळाच्या कामानं तिकडं गेला होता. त्याला हा एका गुऱ्हाळावर चुलवाणात जळण घालताना दिसला. संध्याकाळपर्यंत बातमी पेठभर झाली.

मग तालमीत बैठक बसली. मारुतीसमोर त्याला उभं केलं. अध्यक्ष उठले आणि शांतपणे म्हणाले, की पोरानं आम्हाला अंधारात ठेवलं, आम्ही आपले भाबडेपणानं नाचलो. म्हातारी माणसं हळहळली, तरणी चिडली. हा मान खाली घालून उभा. त्याचे वडील दाराशी होते, तेही काही बोलले नाहीत. मी वयानं लहान, दाराच्या चौकटीला टेकून सगळं ऐकत होतो, आणि मलाही फसवल्यासारखंच वाटलं होतं. ज्याच्यासाठी मी जीपमागं धावून घसा बसवला, तो चुलीत चिपाडं सारत बसला होता. अध्यक्ष पुढं निवडूनही आले. वडलांनी त्याच बोर्डावर पांढरा रंग मारून त्यांच्या विजयाची अक्षरं लिहिली, आणि ऊन पडलं की त्या अक्षरांखालून भोपळा दिसायचा.

संघातून त्याला काढलं. दुसऱ्या पेठांनी बोलावणी पाठवली, आमचाच माणूस आमच्याविरुद्ध गोलात उभा करायची त्यांना हौस. तो गेला नाही. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत लागला, डोक्यावर कायम तिथली काळी पडलेली टोपी, आणि पेठेची मॅच असली की आमच्या गोलच्या मागं जाळीला धरून उभा. कामापलीकडं कुणी त्याच्याशी बोलायचं नाही, हा मात्र जाळीतून आमच्या गोलीशी बोलत राहायचा. "डावीकडनं येतंय बघ. बाहीर नको येऊ. थांब." त्याचं ऐकलं की बॉल हातात यायचा. मॅच जिंकल्यावर गुलाल उधळत पोरं त्याच्यापर्यंत पोचली, की मनगट धरणं आणि ते वाक्य. लोकांना त्यात गंमत वाटायची. स्वतःच्या फजितीवर बोलतोय, असं सगळे समजायचे.

अशी दहा-बारा वर्षं गेली. मी वडलांचा ब्रश ठेवून कॉम्प्युटर घेतला आणि फ्लेक्सचं दुकान टाकलं. जवळच्या पेठ वडगाव गावचा एक पोरगा शाळेसाठी आमच्या पेठेत मावशीकडं राहायला आला होता. लांबलचक हात, शांत डोळे. मलेशियानं त्याला हेरला. फौंड्रीत जायच्या आधी रोज पहाटे मैदानावर नेऊन त्याच्यावर बॉल मारत बसायचा. पोरगा त्याला दादा म्हणायचा. त्या दादाला हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. आणि एके दिवशी त्या पोराला बोलावणं आलं. तीच स्पर्धा, तसंच शिबिर.

अध्यक्षांना आता सगळे 'साहेब' म्हणत. साहेबांचा माणूस माझ्या दुकानात मिरवणुकीच्या फ्लेक्सचा दर विचारून गेला. पण ठरल्या दिवशी पोरगा पेठेतून गायब. यानं त्याला दोन दिवस आधीच वडगावला घरी धाडलं होतं आणि तिथूनच परस्पर गाडीत बसवलं. हलगीवाले येऊन परत गेले. साहेब भडकले. मी त्याला मैदानाच्या पायरीवर गाठलं आणि विचारलं, हे कशाला केलंस बाबा?

त्यानं टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "माझ्या टायमाला बोलवणं आलं तवा मी अध्यक्षांच्या घरी गेलतो. म्हटलं, अजून टीम लागायची हाय. गोलीला तिघं हायत, घेणार दोघास्नी. आदी निकाल लागू दे, मग काय ती मिरवणूक काढा."

"मग?"

"मग काय. म्हटले, निवडणूक हाय रं पुढं. तू नुसता जीपवर उभा ऱ्हा, बाकीचं मी बघतो."

म्हणजे अध्यक्षांना माहीत होतं. माझ्या बापाच्या हातून तो बोर्ड रंगवून घेताना माहीत होतं, आणि मारुतीसमोर त्या पोराला उभं करतानाही माहीत होतं. मी विचारलं, मग तेव्हा तोंड का नाही उघडलंस?

"बा त्यांच्या मेव्हण्याच्या फौंड्रीत हुता," तो म्हणाला आणि टोपी घालून उठला.

आम्ही इतकी वर्षं ज्याला त्याच्या फजितीवरचा विनोद समजत होतो, ते अध्यक्षांच्या घरात त्यानं हात जोडून बोललेलं वाक्य होतं. हे एकदा कळल्यावर ते मला कधी हसत ऐकता आलं नाही. त्या अध्यक्षांचा मला आजही संताप येतो, आणि आमच्या पेठेचाही.

ही सगळी हकिगत त्यानं त्या पोराला गाडीत बसवताना सांगितली होती. तुला का लपून पाठवतोय ते कळावं म्हणून.

पोरगा संघात आला. नुसता आला नाही, खेळला. एक मॅच टीव्हीवर दाखवली, ती आम्ही माझ्या दुकानात बघितली. पोरगा गोलात उभा राहिला तसा हा खुर्चीवरून उठला आणि संपेपर्यंत खाली बसला नाही. एका गोलानं भारत हरला. कुणीतरी म्हणालं, हरलो की. तर हा म्हणाला, "गोलात उभा ऱ्हायला न्हवं? ह्योच निकाल." आणि टोपीनं डोळे पुसले.

पोरगा परत आला आणि मिरवणुकीच्या आदल्या दिवशी फ्लेक्सचं काम माझ्याकडंच आलं. मधोमध साहेबांचा फोटो, डोक्यामागं सूर्याची किरणं, कडेनं त्यांची मुलं, पुतणे, कार्यकर्ते, आणि खाली कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा तो पोरगा. संध्याकाळी पोरगा स्वतः साहेबांच्या माणसाबरोबर फ्लेक्स बघायला आला. मी त्याला विचारलं, दादाचा फोटो कुठं टाकू? त्यानं पडद्याकडं बघितलंच नाही. म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय तसंच राहू द्या." साहेबांनी त्याच्या थोरल्या भावाच्या नोकरीचं बघतो म्हटलं होतं, हे मला मागाहून समजलं. पंधरा-सोळा वर्षांचं पोर. त्याला काय बोलायचं?

रात्री घरी जाताना त्याचा दादा दारात भेटला. फ्लेक्स झाला काय, एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. त्यानं पुढं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सांगून काय फरक पडणार होता? दुसऱ्या दिवशी कळायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी तो तालमीच्या कोपऱ्यावर येऊन उभा राहिला. पांढरा इस्त्रीचा शर्ट. केस पाणी लावून चापून बसवलेले. टोपी नव्हती. इतक्या वर्षांत त्याचं कपाळ मी असं उघडं बघितलं नव्हतं. टोपीच्या कडेपर्यंत काळं आणि वर गोरं. कुणाला वाटलं असेल, बघायला आलाय. मला बघताक्षणी उमगलं की तो गुलाल लावून घ्यायला आला होता. निकाल लागला होता ना.

जीप आली. साहेबांच्या हातात माईक, शेजारी पोरगा मानेपर्यंत लाल. साहेबांनी माईक त्याच्यापुढं धरला आणि तो पाठ केल्यासारखं बोलला, की मी आज जो काही आहे तो साहेबांच्यामुळं, तेच माझे गुरू. टाळ्या पडल्या. जीप कोपऱ्यावर आली तेव्हा पोरानं याला पाहिलं. मी दोघांच्या मध्येच उभा होतो, मला स्पष्ट दिसलं. त्याच्या मुठीत गुलाल होता. यानं मान किंचित पुढं केली, देवळात अंगारा घेताना करतात तेवढी. पोरानं तोंड फिरवलं आणि मूठ रस्त्याच्या पलीकडच्या गर्दीवर उधळली. जीप पुढं गेली.

हा तसाच उभा. मान थोडी पुढं, तशीच.

मला राहवलं नाही. गुलाल वाटणाऱ्या पोराच्या ताटातून मी मूठभर गुलाल उचलला आणि त्याच्या कपाळाकडं हात नेला. त्यानं माझं मनगट धरलं. हवेतच. घट्ट, पण दुखणार नाही असं.

"लागला की रं निकाल," मी म्हणालो.

"व्हय," तो म्हणाला. "कळला मला."

हात त्यानं सोडला नाही. हलगीचा आवाज पुढच्या चौकात वळेपर्यंत आम्ही तसेच उभे होतो, आणि माझ्या मुठीतला गुलाल थोडा थोडा त्याच्या पांढऱ्या बाहीवर सांडत राहिला.

नंतरच्या महिन्यात आमची मॅच होती. गोलमागच्या जाळीपाशी कुणी नव्हतं. आमच्या गोलीनं दोनदा मागं वळून बघितलं. मग चौकशी केल्यावर समजलं, घर सोडून तो मुरगूडला आत्याच्या शेतावर गेला, कायमचा. केव्हा गेला ते शेजाऱ्यांनाही सांगता येईना. पेठेला पत्ता न लागू देता कसं निघायचं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?