शिक्क्यावरून सांगितलेलं वय

बर्मिंगहॅममध्ये आमच्यापासून दोन घरं सोडून एक निवृत्त बसड्रायव्हर राहायचे. ऐंशीच्या घरातले, एकटे. माझ्या जुन्या अमेरिकन चाकूंच्या नादाबद्दल त्यांना माझ्या नवऱ्याकडून कळलं. तो सगळ्यांनाच सांगत सुटतो, "घरात सुऱ्या कमी आहेत म्हणून ही दर रविवारी कार बूट सेलला जाते." लोक गाडीच्या डिकीत जुनं सामान मांडून विकतात, तो हा बाजार.

घडी करून खिशात ठेवायचे हे चाकू. ते जमवायचे आणि त्यांचं वय ओळखायचं, एवढाच नाद. पात्याच्या बुडाशी कारखान्याचा शिक्का ठोकलेला असतो. त्यातलं अक्षरांचं वळण, ओळींची मांडणी पाहून चाकू कुठल्या काळातला ते कळतं. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून 'आहे' नाहीतर 'नाही' एवढंच लिहायचं. घरी भिंगातून शिक्के वाचतानाही मी तशीच वागायचे.

एका शनिवारी ते रुमालात गुंडाळलेला चाकू घेऊन आले. हाडाची मूठ, दोन पाती, त्यातलं एक घासून निम्मं झालेलं.

"माझ्या वडिलांचा," ते म्हणाले. "अमेरिकन सैनिक होते. दुसऱ्या महायुद्धात इथे होते, मग फ्रान्सला गेले ते परत आलेच नाहीत. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. जाताना आईला हा देऊन गेले. फोटोबिटो काही नाही, एवढंच आहे. कधीचा असेल, सांगता येईल तुला?"

मी भिंग लावलं, पुस्तक उघडलं. पाच मिनिटंही लागली नसतील.

"हा युद्धानंतरचा आहे," मी म्हणाले.

"नक्की?"

"शिक्का खोटं बोलत नाही," मी हसून म्हणाले. हसले होते हे मला चांगलं आठवतं.

"म्हणजे आईनं नंतर कुठून तरी आणला."

"तसंच असणार."

चहा अर्धा टाकून ते उठले. मी त्यांना वर सल्लाही दिला, आतून गंज चढलाय, तेल लावा. माझ्या संग्रहात असा चाकू नव्हता, म्हणून त्याचे दोन-तीन फोटोही काढून घेतले.

त्यानंतर दिसले की ते हात करायचे, पण थांबायचे नाहीत. आपण खरं तेच सांगितलं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

दोन वर्षांनी तसाच शिक्का असलेल्या दुसऱ्याच एका चाकूबद्दल मी अमेरिकेतल्या एका संग्राहकाला ईमेल केला. त्याचं उत्तर आलं: तुमच्या पुस्तकात चूक आहे, हा शिक्का युद्धाच्या काळातही वापरात होता. मुठीच्या आतल्या पट्ट्या बघा. एरवी त्या पितळेच्या असायच्या, पण युद्धात पितळ मिळेना, म्हणून काही काळ लोखंडी घालत.

मी फोनमधले जुने फोटो शोधले. मुठीच्या आत तांबूस गंज. पितळेला असा गंज चढत नाही.

तशीच, घरातल्या चपलांवर, मी त्यांच्या दारात गेले. त्यांनी चौकटीला टेकून सगळं ऐकून घेतलं.

"चाकू कुठे आहे?" मी विचारलं.

"पोलीस स्टेशनबाहेर लोकांनी घरातले चाकू आणून टाकायचा डबा असतो ना, त्यात टाकला. त्याच आठवड्यात." त्यांनी चौकटीवरचा हात काढला. "म्हणजे आई खरं सांगत होती."

"हो."

"दर महिन्याला तिच्या कबरीवर जायचो मी. तेव्हापासून गेलो नाही."

मी माफी मागितली. "पुस्तकात होतं ते तू सांगितलंस," ते म्हणाले. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी मी त्यांना गाडीतून दफनभूमीत नेलं. मी गाडीतच बसून राहिले. ते टोपी हातात धरून खूप वेळ उभे होते, मधेच काहीतरी बोलत होते. परतताना आमच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी विचारलं, "पण तो माझ्या वडिलांचाच होता, असं काही यातून ठरत नाही ना?"

"नाही. असू शकेल, एवढंच."

"एवढं पुरे होतं मला," ते म्हणाले आणि दार उघडून सावकाश उतरले.