दाराच्या मागचा फळा

विमलताई गेल्याचं प्यूननं वर्गाच्या दारात येऊन सांगितलं, तेव्हा माझ्या हातात खडू होता. मी मान हलवली आणि तास पुरा केला... काय शिकवलं, देव जाणे. त्याला आता महिना होईल. तेव्हापासून वर्गात एका जागी उभं राहवत नाही. बोलता बोलता मागच्या बाकापर्यंत जातो, परत येतो, पुन्हा जातो, आणि पोरं एकमेकांकडे बघतात.

ताई आमच्या कॉलेजात इतिहास शिकवायच्या, मी भौतिकशास्त्र. नवा मध्य प्रदेश झाला, पुढे पहिल्या वर्षाचे तास हिंदीतून घ्यायचे ठरले, तेव्हा मी प्रयोगशाळेतल्या मदतनिसाचा नुकताच व्याख्याता झालो होतो, तेही कच्च्या नेमणुकीवर. शिक्षण इंग्रजीत, घरी मराठी. सराफ्यात कचोरी मागताना माझी हिंदी फर्डी, पण बर्फ वितळताना उष्णता जाते कुठे हे सांगायला उभा राहिलो की वाक्य इंग्रजीतच सुरू व्हायचं. पोरं बाकं वाजवायची. विभागप्रमुखांनी स्वच्छ सांगितलं, महिनाअखेर मागे बसून तास ऐकीन, मग ठरवू. नुकतंच लग्न झालेलं... नोकरी जाऊन चालणार नव्हतं.

"रविवारी कृष्णपुऱ्याला घरी या," ताई स्टाफरूममध्ये म्हणाल्या. "चहा पिऊनच या, माझा एकदम बेकार होतो."

तिथे माझ्यासारखेच धास्तावलेले चार-पाच जण जमायचे. खोलीचं दार आतून लावलं की त्याची काळी रंगवलेली पाठ हाच फळा. एकानं शिकवायचं, बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचं, मग चुका सांगायच्या. सगळे पुढे सतरंजीवर. ताई मात्र कोपऱ्यात कपाटाशी, आणि वर्गातल्या ढ नेहमी त्याच, इथल्या पोरांसारखं 'भैया'ला 'भिया' म्हणत. "भिया, बर्फ पे इतनी आँच लगाई, पारा तो हिला नहीं. फिर आँच गई कहाँ?" मी पुन्हा पुन्हा सांगायचो, त्या पुन्हा पुन्हा नाही म्हणायच्या. एकदा चिडून म्हणालो, "ताई, तुम्ही मुद्दाम करता."

"बरं, मुद्दाम. परत सांगा. आणि अक्षर जरा मोठं काढा हो."

विभागप्रमुख तास ऐकायला आले, त्या दिवशी त्यांना विचारून ताईही शेवटच्या बाकावर येऊन बसल्या. बर्फापाशी मी अडकलोच. बाकं वाजायला लागली. तेवढ्यात ताई उभ्या राहिल्या. "सर, मैं तो इतिहास वाली हूँ. आँच गई कहाँ?" सगळा वर्ग हसला, पण त्यांना... मला नाही. मी रविवारचं उत्तर सुरू केलं ते घंटा होईपर्यंत थांबलो नाही. नोकरी टिकली. पोरं पुढे कितीतरी दिवस त्यांना 'आँचवाली बहनजी' म्हणत, आणि ताई खुशाल ओ द्यायच्या. एवढं कोण करतं कुणासाठी?

परवा त्यांच्या भाच्यानं बोलावलं. घर रंगवायला काढलंय, दाराचं काय करू म्हणाला. मी आत जाऊन दार लावलं, खडूनं त्यावर बर्फाच्या भांड्याचं चित्र काढलं, बाजूला दोन ओळी लिहिल्या आणि शिकवायला लागलो... पुढे सुचेना. येरझाऱ्या घातल्या. शेवटी ताईंच्या जागी, कपाटाशी, खाली बसलो. तिथे मी कधी बसलोच नव्हतो. खिडकीचा उजेड काळ्या रंगावर असा चमकत होता की माझंच अक्षर मला वाचता येईना. इतके रविवार ताई इथे बसत होत्या, फळ्यावरचं काही न दिसता, नुसतं आमचं बोलणं ऐकत.

"काका, दार पण पोतवून घेऊ का फिर?" भाचा बाहेरून विचारत होता.

"नको, राहू दे," मी म्हणालो. मग तिथूनच, न दिसणाऱ्या फळ्याकडे बघत मोठ्यानं विचारलं, "आँच गई कहाँ?"