सादिकने न प्यायलेली दारू

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, मुलीला नाही, देवळात हात जोडून उभी असताना मनातल्या मनातसुद्धा नाही. तुम्हाला सांगतेय ते तुम्ही जवळचे आहात म्हणून नव्हे, तर तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आणि आधीच बजावते, माझी बाजू घेऊ नका. ‘एकटी बाई, नवरा गेलेला, त्यात ट्रकचा धंदा’ — हे मी फार ऐकलंय. त्याच्या आडोशाला बरीच वर्षं काढलीत. आता पुरे.

मला सादिक आवडत नव्हता. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सांगण्यापेक्षा हे सोपं आहे.

सादिक आमचा ड्रायव्हर. माझ्या नवऱ्याने ठेवलेला. नवरा गेला तेव्हा अंगणात एक ट्रक उभा होता आणि दीर रोज येऊन म्हणायचा, विकून टाका, हे बायकांचं काम नव्हे. मी विकला नाही. धंदा कळत होता म्हणून? छे. दिराची जिरवायची होती.

रत्नागिरी-कोल्हापूर हा आमचा रस्ता. जाताना माल मिळतोच — हंगामात आंबा, एरवी काजू, सुकी मासळी. पण कमाई जाताना होत नाही, येताना होते. कोल्हापुरातून गाडी मोकळी आली की जे कमावलं ते वाटेतला आंबा घाट खाऊन टाकतो — डिझेल, टायर, ब्रेक. गूळ, कांदा, पशुखाद्य, काहीतरी भरून आली तरच धंदा. आणि सादिक कधी मोकळा आला नाही. तिथल्या मार्केट यार्डातले अडते त्याच्या शब्दावर माल द्यायचे. माझ्या नाही, त्याच्या. रत्नागिरीत लोक म्हणायचे, बाईने धंदा उभा केला. बाई घरात बसून फोन लावत होती — सादिक, काय भरलंस?

ज्याच्यावाचून आपलं पान हलत नाही, त्याचा किती राग येतो, तुम्हाला माहीत आहे? घरात ये म्हटलं तरी तो पायरीवरच बसायचा. पाणी प्यायचा आणि म्हणायचा, “वहिनी, काळजी करू नका.” ते ‘काळजी करू नका’ ऐकलं की माझ्या डोक्यात जायचं. तू कोण मला सांगणार?

मग एक दिवस दुपारी कासमभाई आले. आरे-वाऱ्याकडे सादिकचं गाव, तिथलेच हे. गावातल्या पोरांना आखातात नोकऱ्या लावून देतात. चहा घेता घेता म्हणाले, “सादिकला कतारला न्यायचा विचार आहे. तिकडे मोठ्या गाड्यांवर माणूस हवाय. इतकी वर्षं तुमच्याकडे आहे — कसा आहे, तेवढं सांगा.”

सादिक मला यातलं काही बोलला नव्हता. का बोलेल? त्याचं अजून ठरलंच नव्हतं. पण माझ्या डोळ्यांपुढे काय आलं असेल? घाट उतरणारी मोकळी गाडी. आणि दिराचं तोंड.

मी म्हटलं, “गाडी उत्तम चालवतो.” आणि थांबले. मुद्दाम थांबले — ते आपोआप झालं नाही.

कासमभाईंनी वर बघितलं. “पण?”

“काही नाही हो. घाट उतरला की जरा घेतो कधीकधी. मी सांभाळून घेते.”

सादिकने उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. रमजानात रोजा धरून तो भरली गाडी घाटातून आणायचा. आणि मी त्याला सांभाळून घेत होते! त्या बोलण्यातलं मला आज जास्त किळसवाणं वाटतं ते ‘सांभाळून घेते’.

कतारला दुसराच कुणी गेला. मला वाटलं, विषय संपला. खरंच वाटलं? की कासमभाई ते शब्द स्वतःजवळ ठेवणार नाहीत, हेही मला कळत होतं? मला ठरवता येत नाही, आणि त्याने काही फरकही पडत नाही. सगळ्या गावात पसरलं. सादिकचे वडील इब्राहिमचाचा जहाजावर आयुष्य काढून गावी परतलेले, मशिदीत पुढच्या रांगेत बसणारे. त्यांनी आरडाओरडा केला नाही. मुलाबरोबर जेवायला बसायचं बंद केलं, एवढंच. सादिकने ट्रकपाशी उभं राहून मला हे सांगितलं. “कुणीतरी माझ्या नावाने उठवलंय, वहिनी. अब्बा बोलत नाहीत माझ्याशी.” आणि वर म्हणाला, “तुम्ही तरी कामावर ठेवलंत.”

लाज वाटली असेल मला? नाही. चीड आली. इतका कसा हा बावळट! मी म्हटलं, लोकांचं मनावर घेऊ नकोस — आणि उद्या काय भरायचंय ते विचारलं.

पुढे दुसरा ट्रक घेतला. एका महिला मंडळाने मला शाल-नारळ दिला. त्या कार्यक्रमाला मला सादिकच घेऊन गेला होता. शेवटच्या रांगेमागे उभा राहून टाळ्या वाजवत होता.

मग इब्राहिमचाचा आजारी पडले. मी भेटायला गेले — जायला हवं म्हणून. म्हाताऱ्याने सादिकला औषध आणायला पिटाळलं आणि मला जवळ बोलावलं.

“खरं सांगा. माझा पोरगा पितो?”

‘नाही’ म्हणायचं होतं. एवढंच. पण ‘नाही’ म्हटलं की पुढे येणार होतं — मग कुणी सांगितलं? आणि कासमभाई काही लांब राहत नव्हते. मी मनातल्या मनात दोन ट्रक बघितले, मार्केट यार्ड बघितलं, शालसुद्धा बघितली. आणि म्हटलं, “सोडली, चाचा. कधीच सोडली.”

म्हातारा रडला. माझा हात त्याने दोन्ही हातांत धरला. म्हणाला, “तुम्ही सुधारलंत त्याला.” मी हात काढून घेतला नाही.

थोड्याच दिवसांत ते गेले. लोक सांगतात, जाण्याआधी मुलाला जवळ घेतलं, डोक्यावर हात ठेवला, समाधानाने गेले.

त्यानंतर सादिक आला तो सकाळी, माणसं गाडीवर ताडपत्री बांधत असताना. पायरीवर बसला नाही. माझ्यासमोर उभा राहिला.

“अब्बांनी मला माफ केलं,” तो म्हणाला. “म्हणाले, तुझ्या मालकीणबाई सांगून गेल्या, तू सोडलीस.” आवाज चढला नव्हता. “वहिनी, कधी सोडली मी?”

मी ताडपत्रीची गाठ तपासायला लागले. तो थांबला. मी काहीही सांगितलं असतं, तरी कदाचित त्याने मान्य केलं असतं. मग त्याने किल्ल्या पायरीवर ठेवल्या आणि फाटकाबाहेर गेला.

तुम्हाला वाटत असेल, इथे तरी माझं डोकं ठिकाणावर आलं असेल.

महिन्याभराने कोल्हापूरहून एका ट्रकमालकाचा फोन आला. सादिक त्याच्याकडे काम मागायला गेला होता. मालकाने विचारलं, “इतका जुना माणूस तुम्हाला सोडून का गेला? काही भानगड?”

मी म्हटलं, “मी काही बोलणं बरं नाही.”

असं म्हटलं की पलीकडचा काय समजतो, हे मला तेव्हाही चांगलं माहीत होतं.