मागची पात

सासरी आले त्याच हंगामात कळलं, की इथे शिवीपेक्षा एक शब्द जास्त झोंबतो: अंगचोर. माझं माहेर परभणीचं. तिथे आई मला तो उठता-बसता म्हणायची आणि मी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायची. राणीसावरगावाकडच्या या गावात मात्र तो ज्या बाईला चिकटला, तिला कुणी कामाच्या टोळीत घेत नाही.

आमच्या टोळीने सोयाबीन काढायचं गुत्तं उक्त्या पैशांवर घेतलं होतं. गुत्त्याचे पैसे सगळ्यांत सारखे, म्हणून एकीचा हात संथ पडला की झळ सगळ्यांना. प्रत्येकीने आपली पात, म्हणजे ओळींचा पट्टा, धरून कापत बांधापर्यंत जायचं. मी विळा पहिल्यांदाच धरलेला. अर्ध्या पातीतच तळहाताला फोड आले आणि बाकीच्या पार पुढे गेल्या. मला रडूच फुटलं. टोळीने हाकललं, तर नव्या सुनेचं तेच नाव जन्मभर.

मान वळवली, तर सासूबाई माझ्याही मागे! टोळीतला सगळ्यात चपळ हात त्यांचा. आणि त्या निवांत पदर खोचत होत्या, विळ्याला दगड लावत होत्या. मी सरकले की सरकत होत्या.

बांधावरून टोळीची म्होरकी ओरडली, "काय वो काकू, आंग चोरायलाव का? सुनंच्याबी मागं?"

"वय झालं बाई आता," सासूबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

घरी येताना मी सासूबाईंना म्हणाले, "आत्या, माझ्यापायी कशाला बोल घेतला? अंगचोर तर मी ठरले असते."

"तू कशी? ज्याला येत न्हाई, त्याला आंगचोर म्हनत न्हाईत. येत असून करत न्हाई, तो आंगचोर. आज मीच व्हते." मग म्हणाल्या, "माझं काय, एका दिसात नाव जात नसतंय. तुझं अजून व्हायचंय."

पुढच्या गुत्त्याला म्होरकी दारात आली. मला म्हणाली, "चल गं." सासूबाई विळ्याला धार लावून तयार बसल्या होत्या. त्यांना म्हणाली, "तुमी ऱ्हावा आता घरी, काकू."

माझा जीव तुटला. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी डोळ्यांनीच गप्प केलं आणि आपला विळा माझ्या हातात दिला.

"धार लय हाय त्याला," म्हणाल्या. "जपून."